निकाळजे सर आणि एक इंग्रजी क्रियापद

निकाळजे सरांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो मी दौंडच्या शाळेत रुजू झालो त्याच दिवशी. शिक्षकांच्या खोलीत लांब टेबलाच्या टोकाला ते एकटे बसले होते. पांढरा सदरा, कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या बाह्या, खिशाला दोन पेनं. मी नमस्कार करून म्हणालो, "मी कोळपे. मराठी शिकवायला आलोय. मूळचा कवठे येमाईचा, शिरूर तालुक्यातला."

त्यांनी मान वर केली. "कशावरून?"

मला वाटलं गंमत करताहेत. पण चेहऱ्यावर गंमत नव्हती. मी चाचरत म्हणालो, "जन्मच तिथला. घर आहे, शेती आहे. आजोबांच्या वेळेपर्यंत मेंढरं होती."

"नेमणुकीची ऑर्डर दाखवा."

खरं तर ती बघायचा त्यांना काही अधिकार नव्हता, पण मी दिली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली. मागची बाजू कोरी होती, तीही बघितली. मग बोट ठेवून म्हणाले, "तालुका चुकलाय. शिरूरच्या जागी जुन्नर लिहिलंय. आजच दुरुस्त करून घ्या. उद्या हीच चूक कोणीतरी तुमच्याविरुद्ध वापरील."

"कोण वापरील?"

"ते आधी कळत नसतं," ते म्हणाले आणि पुन्हा वह्या तपासू लागले.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, बहात्तरच्या दुष्काळाच्या जरा पुढची. निकाळजे सर इंग्रजी शिकवत. पोरं त्यांना पाठीमागं 'कशावरून सर' म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. कोणी काही सांगितलं की त्यांच्या तोंडून तोच शब्द यायचा. पाऊस येणार म्हटलं तरी कशावरून, निकाल चांगला लागणार म्हटलं तरी कशावरून. खोलीत शिरण्याआधी ते उंबऱ्याशी क्षणभर थांबत. आतलं बोलणं बंद पडलं की विचारत, "मी येण्याआधी कशावर चाललं होतं?" बदल्यांवर, असं कोणी सांगितलं तर मान हलवत. पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून.

टेबलाच्या खणाला कुलूप होतं. शिवाय कुलपाखाली फळीच्या फटीवर ते डिंकानं कागदाची बारीक पट्टी चिकटवून जात. कोणी खण उघडला तर ती फाटावी म्हणून. मी तिथं होतो तेवढ्या वर्षांत ती एकदाही फाटली नाही. तरी रोज सकाळी वाकून बघितल्याशिवाय ते खुर्चीवर बसत नसत.

चहा ते स्वतःच्या फुलपात्रातून पीत. पिशवीतून काढायचं, पिऊन झालं की स्वतः विसळायचं आणि परत पिशवीत. मला आधी वाटलं, स्वच्छतेचं वेड असेल. पुढं शाळेच्या शिपायानं सांगितलं. सरांच्या पहिल्या नोकरीत, दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेत, त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप खिडकीत वेगळा पालथा घातलेला असायचा. कोणी तोंडानं काही बोलत नसे. चहा आला की तो कप उलटा करून त्यांच्यापुढं यायचा. चार महिन्यांनी सरांनी फुलपात्र विकत घेतलं. आमच्या शाळेत तसं काही नव्हतं. पण नव्हतं याची त्यांना खात्री नव्हती, आणि ती मागायची कोणाकडं?

त्यांचा पूर्ण विश्वास एकाच वस्तूवर होता, तो म्हणजे त्यांचा शब्दकोश. खाकी कागदाचं वेष्टण घातलेला, कडा मऊ झालेला. तो ते कोणाला हातात देत नसत. शब्द विचारला तर स्वतः उघडून वाचून दाखवत, आणि एक अर्थ ऐकून आपण उठलो तर म्हणत, "बसा. अजून तीन आहेत."

माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता, मध्ये पत्र्याची भिंत. त्यांचा तास असला की माझं व्याकरण मागं पडायचं, कारण माझी पोरंही कान तिकडं लावून बसत. एकदा नववीच्या धड्यात प्लेग हा शब्द क्रियापद म्हणून आला. रस्त्यावरची पोरं एका म्हाताऱ्याचा पिच्छा पुरवतात, असं काहीतरी वाक्य होतं. एका मुलीनं उभं राहून भाषांतर केलं, "पोरांनी म्हाताऱ्याला प्लेग दिला."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "तिचं अर्धं बरोबर आहे. हसणाऱ्यांनी उरलेलं अर्धं सांगा."

कोणालाच सांगता येईना. मग फळ्यावर खडूचा आवाज सुरू झाला. छळणे, सतावणे, पिडणे, भंडावणे, असे मराठी शब्द लिहून ते एकेक वाचत आणि खोडत गेले. छळणाऱ्याच्या मनात हेतू असतो. डासांच्या मनात काय हेतू असणार, म्हणून छळणे नको. लाडकं पोरही आईला सतावतं, म्हणून सतावणे हलकं. पिडणे जवळचं, पण पुरेसं नाही.

"मग काय, सर?" कोणीतरी विचारलं.

"त्रास किती मोठा, हे या शब्दात नाही. त्रास परत येतो, हे यात आहे. एकदा दगड मारला तर तो मार झाला. रोज एकाच वळणावर उभं राहून मारला, आणि एखाद्या दिवशी तिथं कोणी नसतानाही तुम्ही मान खाली घालून गेलात, तर मग हा शब्द वापरा."

पोरांना त्यांनी घरची वाक्यं करायला लावली. ढेकूण आम्हाला प्लेग करतात. दम्याचा खोकला आजीला प्लेग करतो. शेवटी त्या पहिल्या मुलीनं विचारलं, "सर, आन् त्यो रोगाचा अर्थ? त्यो कुठं जातो?"

"कुठंही जात नाही. तो शब्दाच्या आतच असतो. लिहिणाऱ्यानं ते ध्यानात ठेवायचं."

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी आणीबाणीचे दिवस आले. तेव्हाचं वातावरण ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून समजणं कठीण. आम्हा मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायला सांगितलं होतं. त्यामुळं गावात मास्तर दिसला की बाप्ये वाट बदलत. सरकारी जीपचा आवाज आला की उसात शिरत. शिक्षकांच्या खोलीतही जो तो मोजून बोलायचा. म्हणजे ज्या रीतीनं निकाळजे सर आयुष्यभर जगत आले, त्या रीतीनं आता सगळेच जगू लागले होते. याचं त्यांना समाधान वाटत होतं असं मात्र दिसलं नाही.

एका रविवारी शाळेच्या अहवालातलं मराठी तपासायला त्यांनी मला खोलीवर बोलावलं होतं. रेल्वेच्या चाळींमागं त्यांची भाड्याची खोली होती. एकटेच राहत. आमचं काम चालू असताना दगडूआबा आले. राहू गावाच्या अलीकडं एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथली बौद्ध वस्ती म्हणजे सरांचं आजोळ, आणि दगडूआबा त्या वस्तीतले वडीलधारे. सरांना अंगाखांद्यावर खेळवलेला माणूस, पण हाक मारायचा ती 'मास्तर' अशीच.

"मास्तर, मराठीत पाच अर्ज दिलं," आबा म्हणाले. "पाचींचं काय झालं, कुणाला ठावं न्हाई. आता इंग्रजीत लिवून द्या. इंग्रजी आसलं म्हंजी वाचत्यात."

तक्रार अशी होती. गावातलं धान्याचं गोदाम वस्तीच्या भिंतीला लागून होतं आणि गावाचं उघडं गटार वस्तीत येऊन संपत होतं. त्यामुळं उंदीर माजले होते.

"पोरांच्या टाचा कुरतडत्यात," आबा सांगत होते. "आमच्या नातीच्या, कमलच्या धाकट्या भावाचं बोट चावलं. बरं, येकदा आली आन् गेली आसं न्हाई, रोजचं हाय. येकांद्या दिवशी न्हाई आली तरी माणूस जागंच. आता येतील, मग येतील."

सरांचं पेन थांबलं. त्यांनी आबांकडं बराच वेळ पाहिलं आणि मग लिहायला सुरुवात केली. तीन कच्चे खर्डे झाले. चौथा त्यांनी आम्हाला वाचून दाखवला, प्रत्येक वाक्याचं मराठी करून. 'गेली दोन वर्षं आम्ही उंदरांनी प्लेग्ड आहोत', असं त्यात मधोमध होतं.

मी म्हटलं, "साधा ट्रबल शब्द घातला तर?"

"ट्रबल सगळ्यांनाच असतो. फाईलला लावून ठेवतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो अर्ज स्वतः रजिस्टर पोस्टानं पाठवला. पोस्टाची पावती खणात गेली. वर कागदाची पट्टी.

दीड-दोन आठवड्यांनी वस्तीत जीप आली. त्या सकाळचं सगळं मला नंतर कमलनं सांगितलं. कमल म्हणजे दगडूआबांची नात. एकोणीस वर्षांची, सातवी शिकलेली, आणि तिचं लग्न शिरूरच्या मुलाशी ठरलेलं. जीप दिसताच वस्तीतले बाप्ये नसबंदीच्या धास्तीनं उसात पळाले. राहिल्या बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. जीपमधून एक तरुण डॉक्टर, दोन नर्सा आणि पंप घेतलेली माणसं उतरली. त्यांनी घराघरांत पांढरी पावडर मारली. मेलेले उंदीर चिमट्यानं उचलून डब्यात घातले. मग बायकांना रांगेत उभं केलं आणि काखेत, जांघेत गाठी आहेत का ते तपासलं. कशासाठी, ते कोणी सांगितलं नाही. आबांनी चारदा विचारल्यावर डॉक्टरनं हातातला कागद पुढं केला. सरांचाच अर्ज होता. एका शब्दाखाली लाल पेन्सिलीची रेघ होती आणि बाजूला मराठीत लिहिलं होतं, 'प्लेग? उंदीर. तातडीने.'

दुपारपर्यंत ती बातमी गावभर झाली. गावात सत्तरी ओलांडलेली माणसं होती. लहानपणी प्लेगच्या साथीत गाव सोडून माळावर झोपड्यांत काढलेले दिवस त्यांना आठवत होते. संध्याकाळी वस्तीचं दूध कोणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं कमलच्या आईचा डबा लांबूनच परत न्यायला सांगितला. आठवड्याच्या बाजारात वस्तीतल्या बायका बसल्या त्या रांगेत दुसरं कोणी बसेना. डॉक्टर सांगून गेला होता की अजून काही सापडलेलं नाही. पण त्यातला 'अजून' एवढाच शब्द लोकांनी ऐकला.

तिसऱ्या दिवशी बातमी दौंडला पोचली. सरांचं आजोळ तिथलं, हे सगळ्यांना माहीत होतं. मधल्या सुट्टीत ते खोलीत आले आणि उंबऱ्याशी थांबले. बोलणं बंद पडलं होतं. ते जागेवर बसले, आणि मी माझी खुर्ची थोडी मागं घेतली. अगदी थोडी. मुद्दाम घेतली असं तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नसतं. सरांनी खुर्चीच्या पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि फुलपात्र न काढताच उठून गेले.

हेडमास्तरांनी त्यांना बोलावून घेतलं. दार उघडंच होतं.

"पालक विचारताहेत, निकाळजे. थोडे दिवस रजेवर जा."

"लेखी द्या."

"कारण काय लिहू?"

"जे मनात आहे ते लिहा."

हेडमास्तरांनी काही लिहिलं नाही, म्हणून सरांनी रजा घेतली नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी वळकटी बांधली आणि ते वस्तीत राहायला गेले. पुढचे तीन आठवडे ते वस्तीतून केडगावपर्यंत सायकलनं आणि तिथून पॅसेंजरनं दौंडला येत होते. मी एकदा विचारलं, "मग तिथं राहायलाच कशाला गेलात?"

"काही झालेलं नाही, हे इथं बसून सांगितलं तर कोण मानील? तुम्ही मानलंत?"



वस्तीतही त्यांना कोणी ओवाळून घेतलं नव्हतं. उसातून परतलेल्या माणसांचा पहिला संशय सरांवरच होता. कमलच्या चुलत्यानं तोंडावर विचारलं, "मास्तर, तुमच्या केसी भरत नव्हत्या म्हणून जीप तुमीच बोलावली, व्हय का न्हाई?" सरांनी अर्जाची नक्कल काढली आणि देवळासमोर नव्हे, वस्तीतल्या निळ्या झेंड्याच्या कट्ट्यावर बसून शब्द न् शब्द वाचून दाखवला. चुलता ऐकत राहिला. मग त्या एका शब्दाशी आल्यावर म्हणाला, "आन् ह्यो कशापायी घातला?"

सरांनी अर्थ समजावून सांगितला. चुलत्यानं मान हलवली. सर नेहमी हलवत तशीच, ऐकलं एवढं सांगणारी.

डॉक्टर दुसऱ्यांदा आला तेव्हा बरोबर तालुक्याचा अधिकारी होता. तपासण्या झाल्या होत्या. रोग कुठंच नव्हता. पण उंदीर आहेत, गटार उघडं आहे आणि गोदाम घरांना लागून आहे, हे डॉक्टरनं अहवालात स्वच्छ लिहिलं. दीड महिन्यात गोदामातलं धान्य गावाच्या दुसऱ्या टोकाला हललं आणि गटारावर फरशा पडल्या. पाच अर्जांनी झालं नव्हतं ते एका शब्दानं झालं. शाळेत मी सरांचं अभिनंदन केलं.

"आमच्या त्रासानं जीप आली नाही, कोळपे," ते म्हणाले. "त्यांना भीती वाटली म्हणून आली."

आणि त्याच आठवड्यात शिरूरहून निरोप आला की सोयरीक मोडली.

मुलाचे वडील साळवेमामा पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले. मुलगा अशोक शिरूरला वेल्डिंगच्या दुकानात कामाला. निरोप चार ओळींचा होता. कारण लिहिलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. कमल दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी उठून कामाला लागली. सर मला म्हणाले, "तुम्ही शिरूर तालुक्यातले. बरोबर चला. तुमचं ऐकतील." मग थोडं थांबून, "बहुतेक."

आम्ही चौफुल्याहून शिरूरची एस.टी. पकडली. सरांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत शब्दकोश.

साळवेमामांनी पाणी दिलं, चहा दिला, सगळं रीतीनं केलं. फक्त जवळ बसले नाहीत. दाराशी पाटावर बसले. सरांनी शब्दकोश उघडला आणि पान दाखवलं. हा पहिला अर्थ, हा दुसरा. अर्जात दुसरा होता. वस्तीत रोग नव्हता, डॉक्टरचा अहवाल असा आहे, ही त्याची नक्कल.

मामांनी पानाकडं बघितलंही नाही. "मास्तर, मी तीस वर्षं टपाल वाटलं. तारेतला येक शब्द ऐकून बाया दारात बसायच्या. पुढचं वाचायच्या आधीच. शब्दाला दोन अर्थ आसत्यात हे खरं आसंल. लोक पयला धरत्यात. उद्या हितं म्हणतील, साळव्यानं प्लेगाच्या वस्तीतली सून आणली."

"पण रोग नव्हता."

"ते मला ठावं हाय. मी डॉक्टरचा कागद वाचला." मामा थोडे पुढं सरकले. "येक इचारू? तुमी येवढं शिकल्यालं. लिवताना तुमाला ह्यो पयला अर्थ दिसला न्हाई?"

सरांनी शब्दकोश मिटला. मी त्यांच्याकडं बघत होतो. दुसऱ्या कोणी हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी त्यालाच चार प्रश्न केले असते.

"दिसायला हवा होता," ते म्हणाले.

दिसला नाही, असं ते म्हणाले नाहीत. हे माझ्या तिथंच ध्यानात आलं आणि मग डोक्यातून जाईना. ऑर्डरची कोरी बाजूसुद्धा तपासणारा माणूस. नववीच्या पोरीला शब्दाच्या आतला रोग समजावून सांगणारा माणूस. उंदीर आणि तो शब्द एका वाक्यात शेजारी ठेवतो, आणि त्याला काही दिसत नाही? पहिल्यांदाच मी त्यांच्याविषयी मनात म्हटलं, कशावरून?

मामांनी होकार दिला नाही. आम्ही उठलो. अशोक इतका वेळ आतल्या दाराशी उभा होता. तो स्टँडपर्यंत आमच्याबरोबर चालत आला. हातावर ठिणग्यांचे बारीक डाग. गाडी लागल्यावर त्यानं विचारलं, "कमल काय म्हणाली?"

"काही नाही," सर म्हणाले. "कामाला लागली."

"तिला सांगा, रविवारी येतो. जेवायलाच येतो."

"वडिलांना विचारलंत?"

"न्हाई. आईला घेऊन येतो. म्हंजी मग ते काय करतील?"

सरांचा यावर विश्वास बसला नव्हता. रविवारी सकाळपासून ते वस्तीच्या तोंडाशी उभे होते, असं कमलनं सांगितलं. अकराच्या सुमाराला अशोक आला. मागून चपला हातात घेऊन त्याची आई, कारण ओढ्यात पाणी होतं. दोघं दगडूआबांच्या घरी जेवले. आईनं पुन्हा भात मागून घेतला. निघताना ती आधी त्या गिरणीवर गेली, पाणी मागून प्यायली आणि गिरणीवाल्याला म्हणाली, "मी ह्या वस्तीची इहीण हाय. ध्यानात ठिवा."

उन्हाळ्यात लग्न झालं. साळवेमामा आले आणि पहिल्या रांगेत बसले. आमच्या शाळेतून मी गेलो होतो, आणि कोणी सांगितलं नसताना हेडमास्तरही आले होते. कमल सरांना मामा म्हणायची. तिनं नवऱ्याला घेऊन त्यांना नमस्कार केला तेव्हा सर दोन पावलं मागं सरले. संकोच असेल, असं बाकीच्यांना वाटलं.

मला तसं वाटलं नाही. पण विचारलंही नाही. शिरूरच्या त्या ओसरीवर मनात आलेला प्रश्न मी दीड-दोन वर्षं बाळगून होतो. एकत्र चहा प्यायलो, पेपर तपासले, निवडणूक झाली, आणीबाणी उठली, लोक पुन्हा मोठ्यानं बोलू लागले. सर मात्र होते तसेच राहिले. फरक एकच झाला होता. लोक अर्ज लिहून घ्यायला येत, तेव्हा ते आता मराठीत लिहून देत. इंग्रजी हवं म्हणून कोणी हट्ट धरला तर म्हणत, "मला पुरेसं येत नाही."

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्याआधी त्यांची बदली झाली, नगरच्या पलीकडं. मी पोचवायला स्टेशनवर गेलो. दुपारची मनमाडकडची पॅसेंजर होती. सामान म्हणजे एक ट्रंक, वळकटी आणि ती पिशवी. गाडी फलाटाला लागली होती, पण सुटायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मग तेच म्हणाले, "तुम्हाला मला एक विचारायचंय. केव्हापासून. शिरूरहून परत येताना तुमच्या तोंडावर होतं."

"हो," मी म्हटलं.

"दिसला होता." ते समोरच्या रुळांकडं बघत बोलत होते. "लिहिताना नाही. लिहिताना फक्त आबांचं बोलणं कानात होतं. पाकीट चिकटवताना दिसला. एका ओळीत उंदीर आणि तो शब्द. दोन मिनिटं पाकीट हातात धरून बसलो. वाटलं, घाबरू देत जरा. ऑफिसातले घाबरतील, गोदामवाले घाबरतील. आणि मी पाकीट बंद केलं."

चहावाला ओरडत गेला, तो लांब जाईपर्यंत ते थांबले.

"आपल्याच बायकांना रांगेत उभं करून काखा तपासतील, हे मला दिसलं नाही. कमलचं दिसलं नाही. सगळ्या अर्थांचा हिशेब ठेवणारा मी, आणि मला एवढंच दिसलं की ते घाबरतील."

"पण गोदाम हललं, सर. उंदीर गेले."

"गेले. म्हणून तर हे कोणाला सांगता येत नाही. सांगितलं तर म्हणतील, बरं केलंत. कमलची आईसुद्धा म्हणेल. तिनं तसं म्हटलेलं मला ऐकवणार नाही."

"कमलला सांगितलंत?"

"नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही हे पोटात ठेवाल का, याची मला खात्री नाही."

"मग मला का सांगितलंत?"

मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तयार केलेलं नव्हतं. "त्या दिवशी तुम्ही खुर्ची मागं घेतलीत," ते हळू म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढं घेतलीत. मी दोन्ही बघितलं होतं."

शिट्टी झाली. ते डब्यात चढले. मी ट्रंक आत सरकवली. डब्यात गर्दी नव्हती, पण सामान बरंच होतं. समोरच्या बाकावर एक बाई दोन मोठी गाठोडी आणि वर्षभराचं पोर घेऊन बसली होती. सर खिडकीशी टेकतात न टेकतात तोच तिनं ते पोर उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं, विचारलंसुद्धा नाही, आणि पाठमोरी होऊन गाठोडं फळीवर चढवू लागली. सरांनी दोन्ही हातांनी पोराला धरलं. कसं धरावं हे त्यांना कळत नव्हतं. गाडी हलली. मी हात केला, पण त्यांचे हात मोकळे नव्हते. पोरानं त्यांच्या खिशातलं पेन पकडलं होतं आणि सर अंग चोरून, ताठ बसून, ते पडू नये म्हणून जपत होते. डबा फलाटाच्या टोकापर्यंत गेला तोवर मी बघत होतो. ती बाई अजून पाठमोरीच होती.